सोंगटी आणि फासा : युरोपी पाणसापांच्या नोंदवहीतून

१२ मार्च २०२३, कोब्लेन्झ, जर्मनी

नवी वही. पहिल्याच पानावर हेतू लिहून ठेवतो, म्हणजे पुढे पाय भरकटला तर परत इथं येता येईल. युरोपातला पाणसाप पाळायचा, निरोगी वाढवायचा, आणि त्यासाठी नदीतला एकही साप कमी करायचा नाही.

माझं लहानपण कृष्णाकाठचं. पावसाळा ओसरला की घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर दिवड दिसायचे. पाण्याबाहेर बोटभर डोकं, बाकी सगळं अंग गढूळ पाण्यात. आजोबा म्हणायचे, "मासे खातोय, खाऊ दे. तू वर ये." साप घरात ठेवायचा विचारही तिथं शक्य नव्हता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि तो असायलाच हवा. त्यामुळे बघणं एवढंच काय ते नातं.

इथं आल्यावर वाचताना एक गोष्ट सापडली आणि दिवसभर बरं वाटत राहिलं. आपल्या दिवडाला आज फाउलिया पिस्कॅटर म्हणतात, पण जुन्या पुस्तकांत त्याचं नाव नॅट्रिक्स पिस्कॅटर असं आहे. युरोपातले पाणसाप आजही नॅट्रिक्सच. म्हणजे एकेकाळी कृष्णेतला साप आणि इथल्या लान नदीतला साप शास्त्रज्ञांनी एकाच घरात बसवले होते. आता घरं वेगळी झाली, पण भाऊबंदकी आहेच.

२ एप्रिल

कोणता साप, हे ठरवायला तीन आठवडे गेले.

सगळ्यात ओळखीचा रिंगेलनाटर. मानेशी पिवळी चंद्रकोर, तिला लागून काळा डाग. इंग्रजीत याला ग्रास स्नेक म्हणतात, त्यामुळे मराठी माणूस लगेच गवत्या म्हणून मोकळा होतो. गवत्या हिरवा, आपल्याकडचा, वेगळा साप. शिवाय रिंगेलनाटर हा आता एकच साप राहिलेला नाही. २०१७ मध्ये पश्चिम युरोपातले वेगळे काढून त्यांना नॅट्रिक्स हेल्वेटिका ठरवलं, आणि दोघांची सरहद्द ऱ्हाइनच्याच पट्ट्यात येते. दुसरा नॅट्रिक्स माउरा. स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्स, वायव्य आफ्रिका. पाठीवर व्हायपरसारखी नागमोडी नक्षी, आणि त्या सारखेपणापायी बिचारा विनाकारण मारला जातो. तिसरा व्युर्फेलनाटर, नॅट्रिक्स टेसेलाटा. व्युर्फेल म्हणजे फासा. करड्या-हिरवट पाठीवर काळ्या चौकटी एकाआड एक, जुन्या वाड्यातल्या फरशीसारख्या.

निवड रंगावरून केली नाही, जेवणावरून केली. रिंगेलनाटरचं मुख्य खाणं बेडूक आणि भेक. जर्मनीत सगळे देशी उभयचर संरक्षित आहेत, तेव्हा बेडूक आणायचे कुठून? त्याला माशांची सवय लावणारे लोक आहेत, पण सुरुवातच सापाच्या स्वभावाविरुद्ध का करावी? टेसेलाटा जवळजवळ पूर्णपणे मासेखाऊ. ठरलं.

१९ एप्रिल

जिल्ह्याच्या निसर्गसंरक्षण कार्यालयात फोन केला. बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं.

युरोपातले सगळे सरपटणारे प्राणी इथं विशेष संरक्षित. टेसेलाटा त्याहून एक पायरी वर, कारण १९९२ च्या युरोपीय अधिवास निर्देशाच्या चौथ्या परिशिष्टात त्याचं नाव आहे. जर्मनीच्या लाल यादीत तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच्या वर्गात. निसर्गातून पकडणं, घरी आणणं, विकणं, सगळं बंद. पाळता येतो तो फक्त बंदिवासात जन्मलेला, आणि त्याचा जन्म कुठं झाला याचा कागद हातात असेल तरच. साप घरी आला की कार्यालयाला लेखी कळवायचं. मेला, दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली, तरीही कळवायचं.

बायकोनं विचारलं, "इतका त्रास घेऊन सापच का?" मी म्हटलं, त्रास नाही गं, हे आहे म्हणून तर नदीत साप उरलेत. घरमालकांचीही लेखी परवानगी घेतली. ते फक्त एवढंच म्हणाले की टाकीला कुलूप असू द्या.

२७ मे

शोध. एका जाहिरातीत "मोठी मादी, लगेच मिळेल" असं होतं. विचारलं, जन्मदाखला आहे का? उत्तर आलं की कागदाबिगदाचं नंतर बघू. फोटोत मादीच्या तोंडाला घासल्याची जखम होती. नव्यानं कोंडलेला रानटी साप काचेवर नाक घासत राहतो, त्याची असते तशी. मी पुढं बोलणं थांबवलं. रात्री झोप आली नाही, कारण ती मादी तिथंच होती. दुसऱ्या दिवशी त्याच कार्यालयातल्या बाईंना दुवा पाठवला.

हाम शहरातला सरीसृप-बाजार मोठा, वर्षातून काही वेळा भरतो, पण मला साप टेबलावरच्या डबीतून घ्यायचा नव्हता. त्याचे आईबाप बघायचे होते. शेवटी एका जुन्या जाणत्या पैदासकारांचा पत्ता मिळाला. त्यांच्याकडे पिढ्यांची वही आहे. म्हणाले, "अंडी जुलैत, पिल्लं ऑगस्टअखेर. त्याआधी टाकी बांधून मला फोटो पाठवा." मला ही अट फार आवडली.

८ जुलै

टाकी झाली. १२० × ६० × ६० सेंमी. डावीकडच्या ४५ सेंमी लांबीत पाणी, मध्ये १६ सेंमी उंचीची काच सिलिकॉननं चिकटवली. सिलिकॉन आठवडाभर वाळू दिला, वास पूर्ण गेल्यावरच पाणी भरलं. पाण्याला लहान बाहेरचा फिल्टर. कडेला बुचाच्या सालीचा उतार.

पहिल्या आराखड्यात मी अर्ध्याहून जास्त जागा पाण्याला दिली होती. पाणसाप ना! पैदासकारांनी फोटो बघून एका ओळीचं उत्तर पाठवलं: "हा मासा नाही." मग पाणी कमी केलं, जमीन वाढवली. जमिनीच्या बाजूला खरखरीत वाळू आणि सालीचा चुरा, त्यावर सपाट दगड, वर ५० वॅटचा दिवा. दगडावर ३४ ते ३५ अंश, सावलीच्या कोपऱ्यात २३, रात्री दिवा बंद झाल्यावर १८. अतिनील दिवा वेगळा. हवा खेळायला दोन बाजूंना जाळी. काल दिवसभर मोजत बसलो. हातात साप नाही आणि मी रिकाम्या टाकीची नाडी बघतोय, असं मुलगी म्हणाली.

१७ सप्टेंबर

आली! दोन पिल्लं, २४ ऑगस्टला अंड्यातून निघालेली, दोघांनी तीन-तीन वेळा खाल्लेलं. मादी १९ सेंमी, ५ ग्रॅम. नर १८ सेंमी, ४ ग्रॅम. पेन्सिलीएवढे. मुलीनं नावं आधीच ठरवून ठेवली होती: मादी सोंगटी, नर फासा.

त्यांचे आईबाप पाहिले. आई मीटरभर, मनगटाएवढी जाड. हातात घेतल्याबरोबर तिनं शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून असा उग्र वास सोडला की घरी येऊन शर्ट दोनदा धुतला. चावली मात्र नाही. हे साप सहसा चावत नाहीत. वास सोडतात, फूत्कारतात, आणि फारच घाबरले तर जीभ बाहेर टाकून मेल्याचं सोंग घेतात.

मोठी टाकी तूर्त रिकामीच राहणार. इतकी लहान पिल्लं जाळीच्या फटीतून निघून जातील आणि खाल्लं की नाही हेही कळणार नाही. म्हणून दोघांना वेगवेगळे डबे, ३० × २० सेंमी, कागदाची बैठक, पाण्याची वाटी, सालीचा तुकडा. कार्यालयाला पत्र त्याच संध्याकाळी टाकलं.

८ ऑक्टोबर

खाण्याबद्दल सविस्तर लिहून ठेवतो. पाणसाप पाळणाऱ्यांचे बरेच साप इथंच मरतात.

काही माशांच्या अंगात थायमिनेज नावाचं विकर असतं. ते जीवनसत्त्व ब-१ मोडून टाकतं. गोल्डफिश, कार्प, हेरिंग यांत ते आहे. कार्प म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचंच घराणं. मग नदीतला साप तर हेच मासे खातो, त्याला काही का होत नाही? तो ताजे आणि नाना तऱ्हेचे मासे खातो. आपण एकाच जातीचे मासे महिनोन्‌महिने गोठवून ठेवतो. गोठवल्यानं ते विकर मरत नाही. मासा तसाच पडून राहिला की ब-१ घटत जातं. साप पोटभर खातो आणि तरी त्याला ब-१ पुरत नाही. मग मान वाकडी होते, उलटा पडला तर सरळ होता येत नाही, शेवटी झटके. ८० अंशांवर पाच मिनिटं ठेवलं तर विकर नष्ट होतं, पण शिजवलेला मासा सगळेच साप घेत नाहीत.

माझी पद्धत: ट्राउटची लहान पिल्लं मत्स्यपालन केंद्रातून, मेलेली, काट्यासकट. शिवाय गप्पी. गप्पी म्हणजे आपल्याकडं डासांसाठी हौदात सोडतात तेच. नुसत्या मांसाच्या फोडी द्यायच्या नाहीत, काटा गेला की कॅल्शियम गेलं. आठवड्यातून एकदा माशावर ब-१ ची चिमूट. चिमट्यानं मासा वाटीत हलवायचा. सोंगटी आडवं तोंड घालून पकडते, काठावर ओढून आणते, डोक्याकडून गिळते. पाण्यात पकडायचं आणि जमिनीवर खायचं, हा तिचा रिवाज.

१९ नोव्हेंबर

फास्याच्या पोटाच्या खवल्यांवर चार फोड. पाण्यानं भरलेले, टाचणीच्या डोक्याएवढे.

चूक माझी. गेल्या आठवड्यात कामाच्या गडबडीत वाटी भरताना डब्यातला कागद ओला झाला आणि मी तो बदलला नाही. त्याला पाच दिवस कोरडी जागाच मिळाली नाही. हा पाणसापांचा नेहमीचा आजार, आणि बहुधा ओलसर बैठकीतून येतो. पाण्यात तासन्‌तास पोहलेला साप ठणठणीत राहतो, पण त्याला वर येऊन अंग पूर्ण सुकवता आलं पाहिजे. सतत दमट जागा त्याची कातडी कुजवते. "हा मासा नाही" या तीन शब्दांचा अर्थ मला आज कळला.

सरीसृपांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन फोडांतलं पाणी तपासायला घेतलं, सौम्य पोव्हिडोन आयोडीन आणि मलम दिलं. पाण्याची वाटी काढली. दिवसातून एकदा वीस मिनिटं पाणी, मग कोरडा कागद, उबदार कोपरा ३० अंशांवर.

१० डिसेंबर

फास्यानं कात टाकली. अखंड, तोंडापासून शेपटीपर्यंत. तीन फोड गेले, एकाची खूण उरली. वजन ७ ग्रॅम. आजारी होता म्हणून या हिवाळ्यात दोघांनाही थंडीत झोपवणार नाही. खातं ठेवणार.

ती कात वहीत चिकटवली आहे. फोडांच्या जागी तिला बारीक सुरकुत्या आहेत.

२४ मार्च २०२४

सोंगटी २४ ग्रॅम, फासा १७. दोघं मोठ्या टाकीत. जाळीची प्रत्येक फट आधी पेन्सिलीनं तपासली.

१५ जून

आज नदीवर. टाकीपेक्षा आजच्या दिवसाबद्दल जास्त लिहावंसं वाटतंय.

जर्मनीत टेसेलाटा मुळातला उरलाय तो मोजेल, लान आणि नाहे या तीन नद्यांच्या काही पट्ट्यांत. एल्बेकाठी माइसनजवळ तो संपला होता, तिथं पुन्हा सोडण्यात आला. २००९ मध्ये जर्मन सरीसृप संस्थेनं त्याला वर्षाचा सरीसृप म्हणून निवडलं, तेव्हा कुठं बाहेरच्या लोकांना त्याचं नाव कळलं.

लान कोब्लेन्झच्या दक्षिणेला ऱ्हाइनला मिळते. आगगाडीनं थोडं वर गेलो. नेमकी जागा वहीतही लिहीत नाही. नियम माझे मीच घातलेले: पायवाट सोडायची नाही, दगड उलटायचा नाही, हात लावायचा नाही, दुर्बीण पुरेशी आहे. बूट आदल्या रात्री धुऊन सुकवलेले. घरच्या टाकीतली कुठलीही वस्तू नदीवर न्यायची नाही. सापांच्या कातडीवर रोग करणारी एक बुरशी युरोपातल्या रानटी पाणसापांवरही सापडली आहे, आणि आपल्या बुटाला काय चिकटलंय ते आपल्याला दिसत नाही.

शोधायचं कसं? सकाळी नऊनंतर, रात्र गार गेली असेल आणि ऊन स्वच्छ असेल तेव्हा. पाण्याकडं बघायचंच नाही. आधी काठाकडं बघायचं: दगडी बांध, त्याच्या भेगा, पाण्यावर झुकलेल्या वाळक्या फांद्या, झाडाची उघडी मुळं. पाऊण तास काही नाही. मग एका दगडाच्या कडेला "भेग" हलली. मादी. अर्धं अंग भेगेत, अर्धं उन्हात, बरगड्या पसरून चपटी झालेली. अंग पूर्ण कोरडं, खवल्यांवरच्या उभ्या उंच रेषा राखेच्या रंगाच्या. वीस मिनिटं ती तशीच. मग सावकाश उतरली, उथळ पाण्यात दोन गोट्यांमध्ये शेपटीनं आधार घेतला, डोकं तळाशी आणि स्तब्ध. नाकपुड्या आणि डोळे वरच्या बाजूला असतात ते का, हे टाकीत कधी इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. माशांचा थवा आला, तिनं मान झटकली, चुकली. परत स्तब्ध. चौथ्यांदा लागला. बोटाएवढा मासा तोंडात आडवा धरून ती वर आली, त्याच दगडावर.

बारा मिनिटं पाण्यात, बाकी वेळ काठावर. माझ्याकडची मोजणी ही अशी.

काठच यांचं घर. आणि काठच कमी होतोय. नौकानयनासाठी बांध सिमेंटनं गुळगुळीत केले की भेगा जातात. काठावर झुडपं माजली की ऊन जातं. म्हणून काही ठिकाणी निसर्गप्रेमी हिवाळ्यात झुडपं छाटतात. साप वाचवायला झाडं तोडणं ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या दगडावर ऊन पडलं पाहिजे.

१६ जून

टाकीत बदल. सपाट दगड काढून तीन दगडांची रचलेली भिंत केली, मध्ये बोटभर भेगा. दगड काचेच्या तळावर थेट टेकवले, वाळूवर नाहीत, नाहीतर सापानं खालून उकरलं की कोसळतील. दिवा भिंतीच्या वर. पाण्यात मूठभर गोटे. संध्याकाळपर्यंत सोंगटी भेगेत होती.

११ ऑगस्ट

आई सांगलीहून आली आहे. पहिले दोन दिवस ती त्या खोलीत गेलीच नाही. आज स्वतःहून खुर्ची घेऊन टाकीसमोर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, हा तर आपला दिवडच. जरा बारका आहे एवढंच." मग घाटावर धुणं धुताना दिवड शेजारून जायचा तेव्हा बायका काय करायच्या ते तिनं मुलीला सांगितलं: काही नाही, पिळा बाजूला घ्यायच्या आणि तो जाईपर्यंत थांबायच्या.

दुपारी ओळखीच्या एका बागेत कंपोस्टचा ढीग बघायला गेलो. रिंगेलनाटर कुजणाऱ्या पाल्यात अंडी घालतो, त्या उबेवर ती उबतात. गेल्या वर्षीची सुकलेली टरफलं सापडली, चामड्यासारखी, एकमेकांना चिकटलेली. बागवाल्यांना सांगितलं की सप्टेंबरअखेरपर्यंत ढीग फावड्यानं हलवू नका. त्यांनी ढिगावर पाटीच लावली.

२० ऑक्टोबर

हिवाळ्याची तयारी. सोंगटी ७१ ग्रॅम, फासा ४६. २५ सप्टेंबरपासून खाणं बंद, पोट पूर्ण रिकामं हवं, नाहीतर थंडीत आतलं अन्न सडतं. विष्ठा तपासून घेतली, जंत नाहीत. दिव्याचे तास रोज थोडे कमी, उष्णता पायरीपायरीनं खाली. आज दोघं वेगळ्या हवेशीर डब्यांत, कोरडी पानं, एका कोपऱ्यात किंचित ओलं शेवाळ, पाण्याची लहान वाटी. तळघरातला जुना फ्रिज फक्त त्यांच्यासाठी, ६ अंशांवर. आठवड्यातून दोनदा दार उघडून हवा बदलायची, पंधरा दिवसांनी वजन. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर उठवायचं.

आईनं विचारलं, "चार महिने उपाशी?" तिला समजावताना मला जाणवलं की कृष्णेतल्या दिवडाला हे कधी करावंच लागत नाही.

५ जानेवारी २०२५

सोंगटी ६९, फासा ४४.५. ठीक.

२ मार्च

फ्रिजमधून बाहेर. पहिले दोन दिवस १२ अंश, मग खोलीचं तापमान, मग दिवा. सोंगटी ६७, फासा ४३. दोघं आधी पाणी प्यायले, बराच वेळ. मग भिंतीच्या सगळ्यात वरच्या दगडावर.

१३ एप्रिल

फास्यानं कात टाकली. पोट स्वच्छ. सोंगटीनं सकाळी ट्राउटचं ११ सेंमीचं पिल्लू घेतलं, आजवरचं सगळ्यात मोठं. काठावर यायला तिला धडपडावं लागलं, उतार तिला आता पुरत नाही.

करायचं: उताराची साल रुंद करणे. फिल्टरचा स्पंज. अंडी घालायच्या डब्याचा आराखडा (पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षी, मादी पूर्ण वाढल्याशिवाय जोडी लावायची नाही). पैदासकारांना विचारणे, पिल्लं झाली तर घेणारे कोण, टाकी कुणाची तयार आहे. फोटो आधी.